खालच्या पाटावर

बिरकत अल मौजच्या नाक्यावर पोलिसानं
आधी पिकअपची चार चाकं पाहिली,
मग मागे दोरीनं जखडलेल्या सायकलची दोन,
आणि विचारलं, ही कोण चालवणार?
मी हात वर केला,
शाळेत करायचे तसा.

सायकल डॅनिलोची. सेबूला कायमचा परत जाताना
पस्तीस रियालला देऊन गेला,
सोबत अर्धी डबी ग्रीस आणि एक ताकीद:
उतारावर ब्रेक दाबू नकोस, त्याच्याशी बोल.
निझव्याच्या इस्पितळात आठवडाभर मी
दुसऱ्यांचं रक्त नळ्यांत फिरवते.
शुक्रवार तेवढा माझा.

सैकच्या पुढे बिजूनं मला उतरवलं
आणि स्टिअरिंगवरच मान टाकली.
खाली दरी. दरीच्या अंगावर शेतांच्या पायऱ्या,
डोंगराच्या पंगतीला कुणी पाट मांडावेत तशा.
वाट गाढवांनी आखलेली, म्हणजे खरी;
गाढव उगाच वळण घेत नाही.
पुढचं चाक दगडाला विचारत, मागचं त्याचं ऐकत,
दातांवर दात, ढोपरं सैल,
डाळिंबं बाजूनं लाल लाल निघून जात,
आणि ब्रेकशी मी बोलत होते
तासगावच्या भाषेत, इथं लिहिण्याजोगी नाही ती.

मग फुस्स.

पंक्चर शोधायचं तर पाणी हवं.
फलजचा पाट शेजारूनच वाहत होता,
हातभर रुंद, तळाचा खडान्‌खडा दाखवणारा.
ट्यूब बुडवणार, इतक्यात वरून
ला, ला, ला.
गाणं नव्हे. नाही, नाही, नाही.

काठी टेकत उतरले ते खल्फान.
डोक्याला मस्सर, कमरेला कोयती,
हिंदी बहरीनच्या गोदीत कमावलेलं.
"हे प्यायचं पाणी. पुढे मशिदीपाशी हातपाय धुवायचं.
त्याच्या खाली बागांचं.
तुझं रबर तिथं."

सायकल खांद्यावर घेऊन
पाण्याच्या मागोमाग मी उतरले.

खालच्या पाटावर बुडबुडे सापडले. एक काटा,
नखाच्या चंद्राएवढा.
सोल्यूशन वाळेस्तोवर सावलीत बसले
आणि वर बघितलं तर मांडव!
वेडेवाकडे वासे, त्यावर जुनी वेल,
खोड माझ्या मांडीएवढं,
घड कधीच उतरलेले,
विसरलेले चार मणी जागच्या जागी बेदाणे झालेले.
ओलांड्यावरून बोट गेलं आपोआप,
डोळे मोजले, आणि तोंडातून निघालं,
"ऑक्टोबर आला. छाटणी राहिलीय."

शब्द नाही, पण बोट त्यांना कळलं.
"आत्ता नाही," म्हणाले. "ती जागी आहे अजून.
थंडीत झोपली, की मग."

आमच्याकडे वेलीला झोपू देत नाहीत, मी सांगितलं,
वर्षात दोनदा कापतात.
खल्फान बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग वेलीकडे बघत, की माझ्याकडे,
"मिस्कीना," म्हणाले. बिचारी.

इस्पितळातला एक डॉक्टर सांगायचा,
या दऱ्यांत म्हणे पूर्वी दारू करत द्राक्षांची.
विचारावं की नाही? विचारलं.
"सिरका," खल्फान ठामपणे म्हणाले.
"आजोबा सिरका करायचे."
कोयतीचं पातं अंगठ्यानं पुसलं.
"काही वर्षी सिरका व्हायला
फार उशीर लागायचा."

चढ सगळा ढकलत चढले.
मशिदीपाशी हात धुतले, तरी सोल्यूशनचा वास हटेना,
म्हणून वरच्या पाटात बोट न बुडवता
बाटलीचं तोंड तेवढं धरलं, तिरकं,
आणि पाणी आत शिरताना ऐकत राहिले.

बिजू जागा झाला होता. किती किलोमीटर झाले?
तीन पाणी, मी म्हटलं.
त्यानं मीटरकडे बघितलं
आणि गाडी सुरू केली.